मिस्त्रींचं पांढरं फडकं

नवा भाग समोर आला की आमचे मिस्त्री आधी तो उचलून कपाटावर ठेवून देत. गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर जाम झाला म्हणून नागपूरहून धावतपळत नवा आणावा, तर तो खोक्यासकट कपाटावर. मग ते सगळ्या नळ्या सोडवत, एका टोकातून डब्यातलं औषध ओतत, हवेच्या दाबानं ते दुसऱ्या टोकातून बाहेर काढत आणि तिथे जुन्या धोतराचं पांढरं फडकं धरत. फडकं काळं झालं की पुन्हा धुलाई. जुना कॉम्प्रेसर जाताना आपला चुरा नळ्यांत ठेवून जातो, असं ते सांगत. "जुन्याचं पाप नव्याच्या माथी काहून माराचं, भाऊ?"

फडकं पांढरं निघालं तरी सुटका नसे. आणखी एक धुलाई होई. "काई राह्यलं असंन तं तेबी निंगून जाऊ द्या."

ऐंशीच्या दशकात भंडाऱ्यात एसीच्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यातली एक आमची. माझ्या बहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी गाडीचा कॉम्प्रेसर जाम झाला. नवा आला, मिस्त्रींनी तो कपाटावर ठेवला, मी खाली काढला. असं दोनदा झालं. शेवटी मी हात जोडले. "मिस्त्री, भर मे महिन्यात नवरी लाखांदूरला जायची आहे. धुलाई लग्नानंतर करा."

"तुमी म्हणता तं लावतो," ते म्हणाले. त्यांना धुलाईवाचून काम करायला लावणारा मी जिल्ह्यातला पहिलाच. मला त्याचा अभिमानही वाटला.

लग्न लावून नवरीला घेऊन निघालो; भंडाऱ्याबाहेरचं कारधा मागे पडलं आणि एसी गरम हवा फेकू लागला. काचा उघडल्या तर गाडी एसीची आहे हे गावाला कसं कळणार, म्हणून नवरदेवाच्या मामांनी लाखांदूर येईपर्यंत एकही काच उघडू दिली नाही. उतरलेल्या नवरीला तिच्या सासूनं ओळखलं नाही. मामांनी विचारलं, "कोणाचं काम हे?" मी मिस्त्रींचं नाव सांगितलं. घाई कोणाची, ते सांगितलं नाही.

परत आल्यावर मिस्त्रींनी नळी सोडून फडकं धरलं. त्यावर चंदेरी चुरा आला. ते उरलेल्या नळ्या सोडवू लागले. मी ते फडकं घडी करून खिशात घातलं. दुसऱ्या कोणी पाहू नये, एवढाच हेतू.

मामांचं तोंड मोठं होतं. चार गाडीवाल्यांनी पाठ फिरवली आणि मिस्त्रींचा धंदा बसला. ते सिहोऱ्याला आपल्या धानाच्या शेतीवर निघून गेले. मला लाज वाटत होती, पण ती घेऊन सिहोऱ्याला जायला मला दोन वर्षं लागली.

ते अंगणात शेजाऱ्यांबरोबर बसले होते. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "घाई माझी होती, मिस्त्री. नाव मात्र तुमचं घेतलं."

त्यांनी मान हलवली. "बरं झालं. आनखी काई राह्यलं असंन तं तेबी निंगून जाऊ द्या."

राहिलं होतं. मी खिशातून ते फडकं काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं.

"दोन वर्सं ठेवलं," ते म्हणाले. "धुऊन तं आणाचं होतं."

आणि फडकं माझ्या हातात देऊन त्यांनी चहा सांगितला.

मिस्त्रींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. फडकं माझ्याकडेच आहे. मी ते अजून धुतलेलं नाही.