खाप्याकडे निघालेली खुर्ची

आमच्या घरातील एक खुर्ची एकदा बैठकीतून निघून स्वतःच ओसरीपर्यंत गेली. त्या वेळी तिच्यात माझे वडील बसलेले होते. हे कसे घडले ते क्रमाने सांगणे मला भाग आहे. कारण खुर्ची मी तयार केली होती आणि नागपुरातील एका शाळेत मी विज्ञान शिकवत होतो.

बाबा खाप्याला राहत. कन्हान नदीचे पाणी ओसरले की तिच्या वाळूत ते खरबुजे लावत (आमच्याकडे त्यांना डांगरे म्हणतात). वाकून वाकून अखेर त्यांची पाठ धरली आणि हिवाळ्यात आम्ही त्यांना नागपूरला आणले. डॉक्टरांचे सांगणे स्पष्ट होते. होळीपर्यंत वाकायचे नाही, ओझे उचलायचे नाही, पाठ रोज चोळून घ्यायची. या अवस्थेत पुन्हा वाळूत उतरले, तर मात्र उठून उभे राहण्याची खात्री देता येणार नाही.

बाबांनी हे शांतपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून ठेवली. माझी पत्नी सुमन ती रिकामी करी. ते पुन्हा भरत. पाठ तर ते कोणाला चोळूच देत नसत. सुनेकडून सेवा घेणे त्यांच्या रीतीत बसत नव्हते आणि मी तेल घेऊन गेलो की मलाच खाली बसवत.

"तू दिवसभर पोराईसमोर बोंबलून येतं," ते म्हणत. "आता घरी येऊन बुढ्याची पाठ चोळशीन? बस चूपचाप."

यावर मी पद्धतशीर विचार केला. माणसाकडून सेवा घेताना संकोच वाटतो; यंत्राकडून घेताना वाटण्याचे कारण नाही. एका मासिकात मी पाठ चोळणाऱ्या परदेशी खुर्चीचे चित्र पाहिले होते. तशी खुर्ची घरात आली, तर बाबांची पाठ सुधारेल आणि ते होळीपर्यंत थांबतील. राहता राहिला प्रश्न मोटरचा. नागपूरच्या प्रत्येक घरात हिवाळ्यात एक मोटर स्वस्थ पडून असते, ती म्हणजे कूलरची! मी पंख्याची पाती उतरवली, मोटर एका जुन्या सागवानी खुर्चीखाली आवळून बसवली आणि तिच्या दांड्याला एका बाजूने लोखंडाचा तुकडा जोडला. फिरणारी वस्तू एका बाजूस जड असली म्हणजे ती आपल्या आधाराला हादरे देते. हे आठवीच्या पुस्तकात आहे. आधार जमिनीला पक्का केलेला नसेल तर तो काय करतो, हे त्या पुस्तकात नव्हते.

पहिल्या दिवशी बाबा खुर्चीत बसले. खुर्ची गुणगुणली. कसे वाटते, असे मी विचारले.

"माशी बसल्यावानी वाटते," ते म्हणाले. "पण माशी चांगली हाये."

मी लोखंडाचा मोठा तुकडा लावला. आता फळीवरची भांडी किणकिणू लागली आणि बाबांचे दात एकमेकांवर वाजू लागले. तरीही सकाळचा चहा झाला की ते निमूटपणे येऊन बसत आणि विचारले की लय बरे वाटते असे सांगत. मी समाधानी होतो. सुमनने मात्र वेगळी हकीकत सांगितली. मी शाळेत गेलो की बाबा जमिनीवर उताणे पडतात आणि छताकडे पाहून कण्हतात. पण मास्तरला सांगू नको, त्यानं मेहनतीनं केलं हाये, असे तिला बजावतात.

विज्ञानाच्या शिक्षकाने यातून खरा निष्कर्ष काढायला हवा होता. मी असा निष्कर्ष काढला की हादरे अजून खोलवर पोहोचत नाहीत. मी आणखी जड तुकडा लावला.

त्या रविवारी मी प्रत्येकाला जागा नेमून दिली. आतल्या खोलीत बटणापाशी सुमन, बैठकीत खुर्चीजवळ मी. मोटर मध्येच कोणी बंद-चालू करू नये म्हणून सुमनला ताकीद दिली, "मी 'बंद' म्हटल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही." तिने मान डोलावली. बाबा धोतर सावरून बसले. बटण दाबले गेले.

खुर्ची प्रथम जागच्या जागी थरथरली. मग तिने एक पाय उचलला. आमची फरशी शहाबादी आणि गुळगुळीत होती, दार उघडे होते आणि वायर मी मुद्दाम ऐसपैस घेतली होती. खुर्ची ठक ठक करीत दाराकडे निघाली. बाबांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. चेहऱ्यावर मात्र काही दिसू दिले नाही. मी झेप घेऊन वाकलो, मागचे पाय धरले आणि उलट दिशेने ओढले. त्याच क्षणी माझ्या कमरेत अशी चमक निघाली की मी अर्धा वाकलेलाच राहिलो. तोंड उघडले, पण आवाज फुटेना.

आतून सुमन विचारत होती, "बंद करू का जी? म्हणा ना बंद."

मला 'ब'सुद्धा म्हणता येत नव्हता. आणि सुमन दिलेली सूचना मोडणारी नव्हती.

खुर्ची उंबरठ्याच्या पट्टीवरून उतरून ओसरीवर आली. समोर आमचे शेजारी रामटेके दात घासत उभे होते. त्यांनी नमस्कार केला.

"कुठी चालले जी, बाबा?"

"खाप्याले," थरथरत्या आवाजात बाबा म्हणाले. "पोरानं गाडी करून देल्ली."

तेवढ्यात वायर ताणली जाऊन आतली पिन निघाली आणि खुर्ची थांबली. बाबा उतरले. पायरीखालचा रस्ता मोकळा होता, पिशवी भरलेली होती आणि अडवण्याच्या स्थितीत मी नव्हतो. ते पिशवीकडे गेलेही. मग त्यांनी वळून पाहिले. मी बैठकीच्या मध्यभागी, कोणाला तरी नमस्कार करीत असल्यासारखा उभा होतो.

"काहून गा, मास्तर, बोलून नाही राहिला?"

त्यांनी मला धरून खाटेवर पालथे घातले, सुमनकडून तिळाचे तेल गरम करून घेतले आणि शेजारी स्टुलावर ताठ बसून पाठ चोळायला सुरुवात केली. नदीच्या वाळूने खरखरीत झालेले ते तळवे! लहानपणानंतर ते माझ्या पाठीवरून फिरले नव्हते. मला रडू येत होते. ते कळेमुळे, असे मी सांगितले.

"पडून राह्य," ते म्हणाले. "धाकट्या भावाले निरोप धाड, डांगरं तो पाहीन. तुही पाठ बरी होयेपर्यंत मी जात नाही."

पिशवी त्यांनी स्वतःच्या हाताने रिकामी केली. आम्ही त्यांना जेवण दिले होते, औषध दिले होते, खुर्चीही दिली होती. करायला काम तेवढे दिले नव्हते, हे पालथे पडल्यावर माझ्या ध्यानात आले.

होळीनंतर आम्ही दोघे डॉक्टरांकडे गेलो. बाबांना तपासून डॉक्टर प्रसन्न झाले. पाठ छान सुटली होती. कोणता उपचार केला, असे त्यांनी कुतूहलाने विचारले.

"मास्तरची पाठ चोळली," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. या उत्तरामागील शास्त्रीय कारण समजावून देण्यासाठी मी खुर्चीवरून उठू लागलो आणि निम्म्यातच अडकलो.