भोईवाड्यातलं कॉफीचं यंत्र

३ फेब्रुवारी १९५७. पहाटे उठून जात्यावर कुळीथ दळले. मोठ्या बहिणीकडे, अक्काकडे, मुंबईला जायचं होतं आणि रिकाम्या हाताने जायची आमच्यात रीत नाही. पीठ दोनदा चाळलं. माझ्या दळणाला गावात कोणी नाव ठेवत नाही.

अक्काच्या यजमानांचं, भावोजींचं, पत्र आलं होतं. त्यांचा एकुलता मुलगा वसंता गेल्या वर्षी मोर्चात गोळी लागून गेला. तेव्हापासून अक्का त्याचं नाव काढत नाही, धड जेवत नाही, स्टोव्हपाशी फिरकत नाही. तिला गावी घेऊन जा, नाहीतर ती हातची जाईल, असं त्यांनी लिहिलं होतं. परतीच्या बोटीची दोन तिकिटं काढायची, हाच माझा बेत.

रत्नागिरीहून बोट वेळेवर सुटली. हर्णैला पडाव (बोटीपर्यंत उतारू आणणारी मोठी होडी) कलला आणि एका बाईची फणसपोळी पाण्यात गेली. बोटीवर चढेपर्यंत ती जावयाला दोष देत होती. संध्याकाळी भाऊच्या धक्क्यावर उतरले. पुढे ट्रामने लालबाग, तिथून पायी भोईवाडा. गिरणीच्या भिंतीवर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' लिहिलेलं होतं; खालची पुसलेली अक्षरंही दिसत होती.

अक्काने "बस" म्हटलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या.

फळीवर लाकडी पेटीचं, दांड्याचं कॉफीचं यंत्र होतं. माटुंग्याच्या एका मित्रामुळे वसंताला कॉफीचा नाद लागला होता. दर रविवारी तो बिया दळायचा आणि पहिला कप आईला द्यायचा. वर्षभर यंत्राला कोणी हात लावलेला नाही, असं भावोजी म्हणाले. मी ठरवलं, इथूनच सुरुवात करावी.

दुसऱ्या दिवशी दादरला एका मद्रासी दुकानदाराकडून भाजलेल्या बिया घेतल्या.

"बाई, रव्यासारखी दळा हां," तो म्हणाला. "पीठ केलं तर कडू होणार."

तीस वर्षं जातं ओढणाऱ्या बाईला हा दळण शिकवणार. मी मान हलवली आणि निघाले.

घरी येऊन यंत्र पुसलं, बिया घातल्या. भरड पडू लागली. भरड मला बघवत नाही. दांड्याखालचा स्क्रू चांगला आवळला. यंत्र जड फिरू लागलं, आवाज बदलला.

"स्क्रू कोणी हलवला?"

अक्का उठून बसली होती. मी म्हटलं, मीच, बारीक पडावी म्हणून.

"पिठलं करायचंय काय गो तुला? दोन रविवार घालवून त्याने तो बसवला होता."

त्याने ठेवलेली एक गोष्ट घरात जागच्या जागी होती, ती मी हलवली होती. स्क्रू आधी कुठे होता याची खूणही केली नव्हती.

अक्काने यंत्र मांडीवर घेतलं. स्क्रू जरा सैल करायची, चार बिया घालून दांडा फिरवायची, कान देऊन ऐकायची, पूड चिमटीत चोळायची. पुन्हा सैल. भावोजी दारात उभे राहिले ते आत आलेच नाहीत.

"वसंता म्हणायचा, दाणा बोटाला लागला पाहिजे," ती म्हणाली.

मग स्टोव्हपाशी बसून तिनेच पाणी उकळलं, खाली उतरवून पूड टाकली, झाकण ठेवलं, थोड्या वेळाने फडक्यातून गाळून दूध घातलं. अर्धा कप प्यायली.

"तशी नाही झाली. उद्या अजून पाव फेरा बघते."

माझी बारीक पूड मी टाकून दिली नाही. तिची वेगळी कॉफी केली आणि मीच प्यायले. कडूजहर होती. माणसाला घरातून उचलून न्यायला मी फार घाईने आले होते, हे तो कप संपवताना पटलं. गावी येतेस का, हे अक्काला विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून नळावरून पाणी भरलं. भावोजींना एकच तिकीट काढायला सांगितलं. स्टोव्ह पेटवून आधण ठेवलं, यंत्र फळीवरच राहू दिलं आणि अक्काला हाक मारली.