कडूबाचा वजीफा

कडूबाच्या अंगावर धड हाड शोधायचं म्हटलं तर दिवस गेला असता. जांब समर्थच्या वाटेवरच्या आमच्या गावात चाळीस वर्षं बैलांना वेसण घालायचं काम त्याच्याकडं होतं, आणि नाक टोचून घेताना कुठला गोऱ्हा गप उभा राहतो? वरचे दोन दात रखमाजीच्या ढवळ्यानं पाडले. डावी बरगडी बद्रीनाथच्या खोंडानं मोडली. गुडघा कुणी फोडला, ते रोज वेगळ्या बैलाच्या नावावर जायचं. तेव्हा निजामाचं राज्य. तहसिलीतला कारकून पंचावन्नला घरी बसून वजीफा, म्हणजे पेन्शन, खायचा. साठीचा कडूबा म्हणायचा, "मला बी सरकारनं वजीफा लावलाय. दर पोळ्याला एक लाथ, बिलकुल वेळेवर!"

हसायचा मनापासून, पण हसण्याखाली एक गोष्ट दडवायचा. दोन वर्षांपासून त्याचा उजवा हात कापत होता. एका गोऱ्ह्याचं नाक त्यानं फाडलंसुद्धा होतं.

"हात थरथरून राह्यला तुमचा," त्याची बायको गोजरबाई म्हणायची. "धर्मराजला द्या आता दाभण."

"त्याचा हात कच्चा हाय अजून."

धर्मराज त्यांचा मुलगा, बत्तीस वर्षांचा, तीन लेकरांचा बाप. त्याचा हात कच्चा? मला या म्हाताऱ्याचा संताप यायचा. दाभण सुटला की आपण खुंट्यावरचं म्हातारं जनावर, ही त्याची खरी भीती होती.

त्या साली पोळ्याच्या तोंडावर काकासाहेब पाटलांच्या तांबड्या गोऱ्ह्यानं गड्याचं पोट फाडलं. गडी तिसऱ्या दिवशी गेला. पाटील म्हणाले, "वेसण घाला, न्हाई तर बंदूक काढतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांच्या गोठ्यापुढं गोऱ्हा दोन दोरांनी लिंबाला आवळला होता. कडूबा पुढं झाला. धर्मराजनं शिंगाचा दोर धरला. दाभण नाकाला लागला, म्हाताऱ्याचा हात हलला, टोक भलतीकडं घुसलं आणि गोऱ्हा पेटला. एक दोर तुटला, दुसरा सुटला. पहिल्याच हिसक्यात शिंग धर्मराजच्या मांडीत गेलं आणि तो गव्हाणीवर जाऊन आदळला. माणसं भिंतीवर चढली. सगळ्यात आधी मी चढलो, खोटं कशाला बोलू?

गोऱ्हा परत धर्मराजकडं वळला. तेवढ्यात कडूबानं झेप घेतली, डाव्या हाताची बोटं गोऱ्ह्याच्या नाकपुड्यांत घातली आणि पडदा आवळला. गोऱ्ह्यानं त्याला उचलून भिंतीवर आपटलं. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मला वरपर्यंत आला. पुन्हा आपटलं. म्हाताऱ्याच्या तोंडातून रक्त आणि शिव्या बराबरच बाहेर पडत होत्या, पण चिमटा सुटला नाही.

"धऱ्या, दाभण उचल! टोच!"

धर्मराज उठला. मांडीतून रक्ताची धार लागली होती. "बा, बोट काढा!"

"बोट काढलं तर दोघं बी मरतो! टोच म्हन्तो ना!"

धर्मराजनं टोचलं. दाभण गोऱ्ह्याच्या नाकातून आरपार गेला आणि बापाच्या बोटातूनही. मागोमाग दोरी ओढली गेली. वेसणीला झटका बसताच गोऱ्हा थरथरत जागीच उभा राहिला. कडूबानं बोटातल्या दोरीकडं पाहिलं.

"आरं, मला बी घातली का?" आणि रक्त थुंकून तो खदाखदा हसला.

घरी गोजरबाईनं बोटात हळद दाबली. "चाळीस वर्षं मला जमलं न्हाई, पोरानं एका फटक्यात घातली तुम्हाला वेसण."

कडूबा हसता हसता रडायला लागला. "गोजरे, दाभण सरळ आल्ता गं. मांडी फाटल्याली, म्होरं बाप, तरी पोराचा हात हलला न्हाई. आन् मी त्याला कच्चा म्हन्लो."

दाभण त्याच दिवशी धर्मराजकडं गेला. कडूबाचं ते बोट पुन्हा वाकलं नाही. पुढच्या पोळ्याला तो ओट्यावर बसून त्याच ताठ बोटानं लेकाच्या चुका दाखवत होता. एका गोऱ्ह्यानं धर्मराजच्या नडगीवर लाथ घातली, तो कळवळून खाली बसला, आणि ओट्यावरून आरोळी आली,

"घे! आजपास्नं वजीफा तुझ्या नावावर!"