मावशींचा गव्हाळ रंग

कुठलीही मुलगी नाव नोंदवायला आली की मावशी तिच्याकडे न बघताच म्हणायच्या, "गव्हाळ." मुलगी गोरीपान असो की माझ्यासारखी काळीसावळी, मावशींच्या वधूवर केंद्रात रंग एकच. "लई गोरं सांगितलं की लोक उन्हात नेऊन बघतात, आन् काळं सांगितलं की बघायलाच येत न्हाईत," असं त्यांचं म्हणणं. मग रंग विचारायचाच कशाला, हे मला कधी कळलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मावशींनी सावेडीतल्या त्या केंद्रात कॉम्प्युटर घेतला. मी नुकताच कोर्स केलेला. त्यांच्याकडे कामाला लागले आणि मोठ्या हौसेनं फॉर्म बनवला. रंगाच्या चौकटीत टाइप करायचं नाही. बाण दाबला की गोरा, गव्हाळ, सावळा अशी यादी उघडते, त्यातला एक निवडायचा.

"ही नावं ऱ्हातात कुठं गं?" मावशींनी विचारलं.

"वेगळ्या तक्त्यात. मुलीच्या फॉर्ममध्ये नुसता नंबर असतो, शब्द तक्त्यातून येतो."

त्यांनी मान डोलावली. काय कळलं, देव जाणे! हौसेनं बाण दाबायच्या, आणि निवडायच्या काय? गव्हाळ.

पुढं आईनं माझंच नाव तिथं नोंदवलं. रंगावरून दोन ठिकाणी नकार आलेला, आईचा जीव टांगणीला लागलेला. फॉर्मवर 'गव्हाळ' बघून माझं डोकंच फिरलं. "मावशी, सावळा करा. खोटं सांगून मला कुणाच्या घरात जायचं नाही." बोलता बोलता रडूच आलं.

"बरं बाई, करते मी. तू जा घरी," मावशी म्हणाल्या.

रविवारी मेळावा होता. छापलेल्या याद्या वाटल्या आणि एकच गोंधळ उडाला. माझ्या फॉर्ममध्ये रंग बदलायचा सोडून मावशींनी तक्त्यातला 'गव्हाळ' शब्द खोडून तिथं 'सावळा' लिहिलं होतं! झालं, नंबर सगळ्यांचा तोच, त्यामुळं यादीतल्या झाडून सगळ्या मुली सावळ्या. नेवाशाचे एक गृहस्थ गोऱ्यापान लेकीला पुढं करून ओरडत होते, "ही सावळी? ही?"

"मशीन म्हनतंय बाबा, मी काय करू?" मावशी शांत.

सुप्याच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या एका मुलाची आई यादी घेऊन माझ्याकडे आली. बिचारी पार गोंधळलेली. "समद्याच सावळ्या हायेत, मंग निवडायचं कसं?" मग यादी बाजूला ठेवून म्हणाली, "तू काय शिकलीस गं?"

तोवर बघायला आलेल्या कुणी मला हे विचारलंच नव्हतं. ती माझी सासू.

लग्नात मावशींना गाठून विचारलं, "खरं सांगा, चुकलं की मुद्दाम केलंत?"

"शिकवलं कुनी? तू. मग मला काय इचारतीस?" म्हणाल्या आणि पंगतीत जाऊन बसल्या.

मावशी जाऊनही बरीच वर्षं झाली. जीव लावला होता हो त्या बाईनं! पण ते चुकून झालं की मुद्दाम, आजही मला उलगडा होत नाही. लग्नानंतर माहेरी आले तेव्हा तक्ता दुरुस्त करून द्यायला मी केंद्रात गेले होते. "घाई काय हाय?" म्हणाल्या. तेवढ्यात दारात एक मुलगी आली, गोरीपान. मावशींनी बाण दाबला आणि तिच्याकडे न बघताच म्हणाल्या, "सावळी."