बारशाच्या सकाळचा सडा

आज लिहायला बसले आहे ती गोष्ट माझ्या मुलाला माहीत नाही, सुनेलाही नाही. नवरा तर हे घडायच्या आधीच गेला होता — असता तरी त्याला सांगितली नसती. देवापुढेही मी कधी तोंड उघडलं नाही. देवापुढे बोलायचं म्हणजे माफी मागितल्यासारखं होतं, आणि ती मला नको होती. मग आताच का? खरं सांगायचं तर दमले आहे. उचलून ठेवलेलं ओझं कधीतरी खाली टेकवावं लागतं, कुणी हात लावो न लावो.

माझी शाळा चौथीपर्यंत. लिहिण्यात चुका असतील त्या तुम्ही सुधारून घ्या. गोष्ट मात्र जशी झाली तशीच आहे.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. माझा मुलगा श्रीकांत टेक्सासात एका लहानशा गावी डॉक्टर होता. गावात हिंदुस्थानी घर आमचं एकच. दुसरं मराठी माणूस पाहायचं तर दोन तास गाडीनं जायचं. आमचं घर गावाबाहेर होतं, आणि घरामागच्या कुंपणापलीकडे रूथबाईचं रान. रान म्हणजे खडक, खुरटी झाडं, काटेरी निवडुंग. मी माणदेशातली. मला ते परकं वाटलं नाही. उलट वाटलं, एवढ्या लांब येऊन पुन्हा हेच?

रूथबाई माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी. विधवा, मूलबाळ नाही. श्रीकांत मला आई म्हणतो ते ऐकून तिला वाटलं तेच माझं नाव. मला ती 'आयी' म्हणायची. पुढे खरं काय ते कळलं, तरी म्हणतच राहिली. मला इंग्रजी येत नव्हतं, तिला मराठी कुठून येणार? तरी आमचं चालायचं. ती कुंपणाच्या त्या बाजूला, मी या बाजूला. ती भेंडी दाखवायची, मी मान डोलवायची. मी तिला एकदा भेंडीची भाजी करून दिली. तिनं खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, पाणी प्याली आणि परत भांडं पुढे केलं.

त्या रानावर ती जगत होती कशावर? हरणांवर. हंगाम सुरू झाला की शहरातले लोक तिचं रान शिकारीसाठी भाड्यानं घ्यायचे. त्या भाड्यावर रान तिच्या नावावर टिकून होतं. गुरं तर दुष्काळाच्या पहिल्याच वर्षी विकली होती. हरणं गेली की शिकारी जाणार, शिकारी गेले की रान जाणार. हे मला समजत होतं. समजत नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही.

दुसऱ्या वर्षीही पाऊस नाही. हरणं कशी झाली होती म्हणून सांगू? कातडं हाडांवर वाळत घातल्यासारखं. पोटं आत गेलेली, कंबरेची हाडं वर आलेली. ओकच्या झाडांची फळं खाऊन ती थंडीआधी अंगावर चरबी धरायची, त्या वर्षी फळं धरलीच नाहीत. तोंड पोहोचेल तिथवरचा पाला संपला, मग निवडुंगाला तोंड लावायला लागली — ओठांत काटे. माद्यांना दूध नव्हतं. पाडसं मागे मागे फिरायची आणि एक दिवस मादी एकटीच दिसायची. आधी माणसाची चाहूल लागली की शेपटीचा पांढरा झेंडा वर करून पळणारी ही जनावरं, आता भर दुपारी कुंपणाशी येऊन नुसती उभी राहायची. भ्यायलाही अंगात जोर लागतो.

त्यांत एक लंगडी मादी होती. पुढचा डावा पाय कधीतरी तारेत अडकून वाकडा झालेला. ती रूथबाईच्या ओळखीची. शिकाऱ्यांना तिनं बजावून ठेवलं होतं, या एकीला हात लावायचा नाही.

रूथबाईची विहीर आटली. आमची होती — बोअर, पंप बसवलेला. श्रीकांतनं तिला एक नळी टाकून दिली, आमच्या परसातून कुंपणाखालून तिच्या पत्र्याच्या हौदापर्यंत. कॉक आमच्या बाजूला. संध्याकाळी कॉक उघडायचा, हौद भरला की बंद करायचा. हरणं अंधार पडता पडता यायची.

मग तिच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं, लांब दुसऱ्या राज्यात. जायच्या आदल्या दिवशी तिनं मला हौदाशी नेलं. हातानं पत्र्यावर खूण केली — इथपर्यंत. रोज. माझा हात धरला, पुन्हा म्हणाली, "एव्हरी डे, आयी." मी म्हटलं, "एव्हरी डे." हे दोन शब्द मला येत होते.

आणि मी भरलाही हौद. सुरुवातीला रोज भरला. हे मी बाजू मांडायला सांगत नाही. भरत होते म्हणजे भरता येत होता, एवढंच.

त्याच सुमारास आमच्याकडे बारसं ठरलं होतं. श्रीकांतची पहिली मुलगी. बाराव्या दिवशी करायचं ते सुनेचे आईवडील पुण्याहून येईपर्यंत थांबवलं होतं. व्याही पहिल्यांदाच आमच्या घरी येणार. शिवाय मोठ्या शहरांतून मराठी मंडळी, तीसेक माणसं, त्यातली काही मुक्कामाला. आणि नेमका नळ खोकायला लागला. पाणी यायचं, हवा यायची, मग तांबूस पाणी. बोअरवाल्यानं येऊन सांगितलं, पातळी खाली गेली आहे, जपून वापरा.

वासंती, माझी सून, समजूतदार पोर. ती म्हणाली, "आई, आपण फंक्शन पोस्टपोन करूया का? नाहीतर टाऊनमधला हॉल बुक करू."

मी म्हटलं, "हॉलमध्ये पाळणा टांगायचा? आणि लोकांना काय सांगायचं, डॉक्टरच्या घरी पाणी नाही?"

"आई, ड्रॉट आहे. सगळ्यांना माहितीये."

"तुझ्या आईला नाही माहिती."

बघा, तेव्हाच सगळं ठरलं. मी विहिणीपुढे कमी पडणार नव्हते. ती पुण्याची, शिकलेली, बोलायला गोड. तिच्यासमोर बादल्या मोजायच्या? माझ्या घरी आंघोळीला आलेल्याला तांब्याभर पाण्यात उरका म्हणायचं? नाही. बारशाच्या चार-पाच दिवस आधी संध्याकाळी मी परसात गेले, कॉकवर हात ठेवला — आणि तो मी उघडलाच नाही. परत आले. एवढंच केलं. काहीच केलं नाही असंही म्हणता येईल. वाईट गोष्टी करायला फार काही करावं लागत नाही.

श्रीकांतनं जेवताना विचारलं, "आई, रूथचं पाणी चालू आहे ना?"

"आहे की."

तो पहिला खोटा शब्द. घास गिळल्यासारखा गेला.

मनाला मी काय सांगितलं? सांगितलं, शेवटी गोळीच घालणार ना त्यांना? मारायचीच जनावरं, त्यांना पाणी पाजायचं ढोंग कशाला? मी माळकरी घरातली, मांस न खाणारी — हे कारण माझ्या तोंडाला शोभून दिसत होतं. पण मला ते खरं वाटत होतं का? छे. मी दुष्काळात छावणीतली गुरं पाहिलेली बाई. पाण्याविना जनावराची जीभ कशी होते, डोळा कसा आत जातो, हे मला कुणी शिकवायला नको होतं. त्या घरात ते कळणारी एकटी मीच होते.

बारशाची सकाळ. घर भरलेलं, न्हाणीघरासमोर रांग, स्टोव्हवर मसालेभाताचं पातेलं. मला वाटलं, दाराशी सडा हवा. सड्याशिवाय शुभकार्य कसलं? टेक्सासच्या त्या भेगाळलेल्या अंगणात मी बादलीभर पाणी शिंपडलं, पुरलं नाही म्हणून दुसरी भरून आणली. माती काळी झाली, वास सुटला. त्यावर रांगोळी काढली. पाळणा काढला, बाजूला पावलं. हात धुवायला आत गेले, आणि पुन्हा दारात येऊन बादलीत उरलेलं पाणी पायरीवर ओतलं, वर पाहिलं तर—

हरणं आली होती.

परसातून वळसा घालून, घराच्या पुढच्या बाजूला, उजेडात, तीस माणसांच्या बोलण्यात. पाच-सहा असतील. लंगडी पुढे. माना खाली घालून सडा चाटत होती. रांगोळीसकट माती चाटत होती.

विहीणबाई बाहेर आल्या आणि टाळ्याच वाजवायला लागल्या. "अगं बाई, हरणं! वासू, कॅमेरा आण, कॅमेरा! अहो, बारशाला पाहुणे आले बघा!"

कुणीतरी म्हणालं, "किती शुभ आहे ना!" कुणी म्हणालं, "यार, एकदम टेम झालीत, घाबरतच नाहीत." पोरं 'बॅम्बी, बॅम्बी' करत धावली. फोटोवर फोटो. विहीणबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "तुमच्या हाताला माया आहे हो, म्हणून येतात."

मी काय केलं? मी हसले. माझ्या हातात बादली होती. तळाशी उरलेलं पाणी मी नुकतंच पायरीवर ओतलं होतं.

तेव्हा तरी कॉक उघडायचा. मागे जायला किती वेळ लागला असता? पण पंगत बसायची होती. मग पाळणा झाला, घुगऱ्या वाटल्या, लोकांनी नाव विचारलं — मृणाल. दुसऱ्या दिवशी मुक्कामाच्या मंडळींच्या आंघोळी. व्याही आणखी आठवडाभर राहिले. मग मला हौदाकडे बघायचीच लाज वाटायला लागली. रिकामा हौद दिसला असता ना. मी परसाचं दार लावून घेतलं आणि कपडे पुढच्या बाजूला वाळत घालू लागले. विहीणबाई म्हणाल्या, "पुढे का हो?" मी म्हटलं, "ऊन चांगलं आहे."

ऊन. तेच तर एक होतं सगळीकडे.

रूथबाई येणार असा फोन आला तेव्हा मी गेले. हौद कोरडा, तळाशी शेवाळाचे पापुद्रे वाळून वर वळलेले. लंगडी हौदाला टेकून पडली होती. तोंड पत्र्याशी. तिला मरून दोन-तीन दिवस झाले असावेत. गिधाडांनी डोळे नेले होते.

मी घरी जाऊन जुन्या लुगड्याचा एक पट्टा आणला. तिच्या पायांना बांधला आणि तिला ओढत खुरट्या झाडांच्या जाळीत नेलं. वाटलं होतं जड असेल, माझ्यानं होणार नाही. झालं. पाठ न दुखता झालं. एवढं मोठं जनावर आणि वजन म्हणून काही उरलेलंच नव्हतं. मग हौद घासला. कॉक उघडला. पाणी खूण केली होती तिथपर्यंत भरलं. पाणी होतं, बरं का. बोअरला पाणी होतं.

रूथबाईनं भरलेला हौद पाहिला आणि कुंपणावरून मला मिठी मारली. "एव्हरी डे?" तिनं विचारलं. "एव्हरी डे," मी म्हटलं.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. हरणं गेली. आटलेल्या ओढ्यात सापडली, कुंपणाकडेला सापडली. आसपासच्या रानांतही मेली, म्हणून कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. शिकारी हंगामाआधी रान बघायला आले, दिवसभर फिरले, टोप्या काढून रूथबाईशी नीट बोलले आणि गेले. परत आले नाहीत. दुष्काळानं किती मारली आणि मी किती, हा हिशोब मी मांडत नाही. तो मांडला की माणूस आपल्या बाजूला थोडं कमी धरतो. लंगडी हौदाशी मेली. ती माझी.

रान विकलं गेलं. रूथबाई गावातल्या वृद्धांच्या घरात राहायला गेली.

आणि इथे मला वाटलं होतं की संपलं. पण वासंतीनं फोटो धुऊन आणले आणि त्यातला एक रूथबाईला नेऊन दिला; मी बरोबर होते. लंगडीला पाहून रूथबाई लहान पोरीसारखी हसली. इतकी जवळ आली? दारापर्यंत? वासंतीनं मला मराठीत विचारलं, "आई, त्या विचारताहेत, ही रोज यायची का पाण्यावर?" मी सांगितलं, यायची. रूथबाई आणखी सांग म्हणाली, तर आणखी सांगितलं. सगळ्यांत आधी यायची. पाडसाला आधी पिऊ द्यायची. प्याली की माझ्याकडे बघायची. कुठून सुचलं मला एवढं? वासंती इंग्रजीत सांगत होती आणि म्हातारी डोळे पुसत होती.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गेले तेव्हा तिनं तेच मागितलं. "टेल मी अबाउट द लेम वन, आयी." तोवर मला थोडं इंग्रजी आलं होतं, वासंतीची गरज राहिली नव्हती. मी सांगायची. दर वेळी थोडी भर घालायची. खरं सांगायला हवं होतं का? मी तिचं रान घेतलं होतं, हरणं घेतली होती. मग ही गोष्ट तिला दिली. ती माया नव्हती. तिनं दुसरं काही विचारू नये म्हणून दिली. शेवटच्या दिवसांत तिला माझं तोंड ओळखू येत नव्हतं, पण लंगडी आठवत होती. तेव्हाही मी सांगितलं. शी केम. एव्हरी डे.

रूथबाई गेली त्याला पुष्कळ वर्षं झाली. आता श्रीकांत चँडलर नावाच्या गावी असतो, मी त्याच्याकडे. मृणाल तिकडे लांब बेलव्ह्यू नावाच्या शहरात नोकरी करते. तिनं तो फोटो मोठा करून भिंतीवर लावला आहे. घरी कुणी आलं की दाखवते, "डिअर केम टू माय नेमिंग." लोक जवळ जाऊन बघतात.

फोटोत लंगडी पुढे आहे. पुढचे पाय फाकलेले, मान खाली, जीभ मातीला लागलेली. रांगोळीतल्या पाळण्याची एक दोरी पुसली गेली आहे. मागे दारात मी उभी आहे, नव्या साडीत, हसते आहे. हातात रिकामी बादली आहे.