उजव्या हाताची भिंत

लग्न कुणाचंही असो, डेल्मर कुबिस्ता नवऱ्यामुलाच्या चेहऱ्याआधी त्याचे घोटे बघायचा. धंदाच तसा होता. मिनेसोटा, दोन्ही डकोटा आणि आयोवा एवढ्या मुलखातल्या कॉलेजांत अमेरिकन फुटबॉल खेळणारी पोरं बघायची आणि त्यातलं कोणतं पोर पैसे घेऊन खेळणाऱ्या पुरुषांत टिकेल, हे क्लबला सांगायचं. पंचवीसेक वर्षं तो हेच करत होता. गाडीत झोपला, पेट्रोल पंपावर जेवला, आणि मार्लिसच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, निम्म्या वाढदिवसांना गावाबाहेर होता.

त्याची नजर बसलेली होती ती टॅकलवर. डावा टॅकल म्हणजे क्वार्टरबॅकच्या पाठीचा राखणदार. क्वार्टरबॅक उजव्या हाताने चेंडू फेकायला वळला की डावीकडचं त्याला काही दिसत नाही, आणि नेमका तिकडूनच सव्वाशे किलोचा कुणीतरी त्याला आडवा करायला धावत येतो. त्याला थोपवायचं. दिवसभर थोपवलं तर टॅकलचं नाव कुणी घेत नाही. एकदा चुकलं की अख्खं स्टेडियम घेतं. अशा कामासाठी माणूस पारखणं सोपं नाही, आणि डेल्मरचे आधीचे दोन टॅकल साफ फसले होते. एकाची पाठ गेली, दुसऱ्याची हिंमत. त्यामुळे केव्हिन ट्राउटमन, त्याचा साहेब, वयाने मुलासारखा, जानेवारीत सरळच म्हणाला होता, "डेल्मर, ह्या वर्षी तुमचा ओस्टबी. चालला तर जूनमध्ये नवा करार करू. नाही तर तुम्ही मासे पकडायला मोकळे."

डेल्मरला मासे पकडायचा कंटाळा होता.

ग्रेडी ओस्टबी हा रेड नदीच्या खोऱ्यातला, साखरेच्या बिटाची शेती करणाऱ्या घरातला पोरगा. सप्टेंबरात डेल्मरने त्याला बघितलं आणि हातातली कॉफी प्यायचाच विसरला. एवढा मोठा देह, आणि पाय असे हलके की बर्फावर ठसा उमटू नये. डेल्मरने त्याला वरचा दर्जा देऊन टाकला. मग ऑक्टोबर आला आणि पोरगा उशिरा उठायला लागला. म्हणजे सकाळी नव्हे. चेंडू सुटला की त्याच्या रांगेतले बाकीचे चौघे उठत, हा डोळ्याची पापणी लवेपर्यंत मागे. तेवढ्यात क्वार्टरबॅक जमिनीवर. बाकीच्या क्लबांच्या माणसांनी त्याच्यावर फुली मारली. आळशी, नाहीतर दुखणं लपवतोय. डेल्मरला दुखण्याचीच धास्ती होती. पहिल्याची पाठही अशीच लपली होती.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी तो घरी सगळ्या सामन्यांची फिल्म लावून बसला. प्रशिक्षकांच्या ह्या फिल्मला आवाज नसतो, आणि डेल्मरला ते फार बरं वाटे. कारण त्याचा उजवा कान गेला होता. डावखुरा माणूस, बंदूक डाव्या खांद्याला लावून जन्मभर बदकं मारली, सगळा बार उजव्या कानावर. बायकांना कमी दिसायला लागलं तर त्या चष्मा आणतात. पुरुषांना कमी ऐकू यायला लागलं तर ते जागा बदलतात. डेल्मर कुठेही गेला की उजव्या हाताला भिंत येईल अशी खुर्ची धरायचा आणि समजायचा की कुणाला पत्ता नाही.

"हिरव्यात उशीर, पांढऱ्यात वेळेवर," तो पडद्याकडे बघत म्हणाला.

"काय?" मार्लिस म्हणाली.

"जर्सी. घरच्या मैदानावर हिरवी, बाहेर पांढरी. बाहेर गेला की पोरगा ठीक असतो. घरी आला की झोपतो."

"घरी कोण नाही झोपत," मार्लिस म्हणाली. "आईबाप बघायला येत असतील, दडपण येत असेल. जा आणि विचार त्यालाच. आणि आधी कान दाखव."

हे शेवटचं ती त्याच्या उजव्या बाजूने बोलली, म्हणून ते वाया गेलं.

मार्चमध्ये कॉलेजने पोरांची मैदानावरची परीक्षा ठेवली. सगळ्या क्लबांची माणसं घड्याळं घेऊन येणार होती. डेल्मर आदल्या दिवशीच पोचला आणि ओस्टबीला समोरच्या कॅफेत जेवायला बोलावलं. टेबलं भरलेली, फक्त काउंटरपाशी दोन स्टुलं रिकामी. टोकाचं स्टूल, उजव्या हाताला भिंत. डेल्मरने त्यावर हात ठेवला. ओस्टबीनेही ठेवला.

"बस ना पोरा, तिकडे."

"तुम्ही तिकडे बसा ना सर. मला इथे बरं पडतं."

"मी नेहमी इथेच बसतो."

"तुम्ही कॅफे कुठे आहे हे मला फोनवर विचारलंत सर."

काउंटरमागची बाई दोन ताटल्या घेऊन उभी होती. "स्टुलाचा लिलाव करायचाय का? तुमचं हॉटडिश थंड होतंय."

डेल्मर पाहुणा, पण वयाने मोठा. त्याने मोठेपणा केला आणि स्टूल सोडलं. त्याचा भुर्दंड लगेच पडला. ओस्टबी आता त्याच्या उजवीकडे, म्हणजे मेलेल्या कानाकडे. डेल्मरने ऑक्टोबरबद्दल विचारलं, पोरगा घडाघडा बोलला, आणि डेल्मरच्या पदरात अक्षर पडलं नाही. तो उठला. "मला भिंत लागते. पाठीचं आहे," असं काहीतरी पुटपुटत त्याने जागा बदलून घेतली. आता त्याला पोराचं चोख ऐकू यायला लागलं, आणि आता पोरगाच विचित्र वागायला लागला. प्रत्येक प्रश्नाला जरा थांबून हसायचा आणि म्हणायचा, "हो सर."

ते हसू डेल्मरच्या चांगल्याच ओळखीचं होतं. दर रविवारी चर्चमधल्या कॉफीच्या वेळी तो स्वतः तेच हसायचा.

ताटलीतून मान वर न करता त्याने विचारलं, "तुझ्या आजीला दाढी आहे का रे?"

"हो सर," ओस्टबी म्हणाला. "फार छान आहे."

काउंटरमागची बाई जागीच थबकली. डेल्मरने काटा खाली ठेवला, पोराकडे तोंड केलं आणि स्वतःच्या उजव्या कानाला बोट लावलं. "हा?"

पोराचा चेहरा उतरला. एवढा मोठा देह, पण स्टुलावर एकदम लहान दिसायला लागला.

"माझाही हाच," डेल्मर म्हणाला. "सांग आता."

ऑक्टोबरात बीट काढणीला तो रविवारी घरी जायचा, बापाला मदत म्हणून. ट्रक, यंत्रं, दिवसभर कानठळ्या. एका सोमवारी उठला तर उजव्या कानात काही नाही. "बाबांचं असंच झालं सर. काकांचंही. आमच्या घरात चाळिशीत जातात. माझा लवकर गेला."

"डॉक्टर?"

"कुणी लिहून ठेवलं तर मला घेणार कोण?"

डेल्मरला सगळी फिल्म पुन्हा डोळ्यांसमोर दिसली. बाहेरच्या मैदानावर लोक बोंबलतात, तिथे क्वार्टरबॅकचा आवाज पोचतच नाही. चेंडू मागे देणारा सेंटर मान हलवतो आणि सगळे ती मान बघून उठतात. घरच्या मैदानावर आपलीच माणसं आपल्यासाठी शांत बसतात, क्वार्टरबॅक तोंडाने इशारा देतो, आणि तो उभा असतो डाव्या टॅकलच्या उजव्या कानामागे.

"पांढऱ्यात तू बघून उठतोस," तो म्हणाला.

"हो सर. घरी सगळे गप्प बसतात ना, तेच वाईट."

"ऊठ. दवाखान्यात."

गाडीत आणखी एक गंमत झाली. डेल्मर चालवायला डावीकडच्या सीटवर बसला तर त्याला पोराचं ऐकू येईना. रस्त्याकडेला थांबून किल्ली पोराला दिली, तर पोराला डेल्मरचं ऐकू येईना. शेवटी दोघेही गप्प बसून गेले.

दवाखान्यातली परिचारिका पन्नाशीची, दंडात जोर असलेली बाई. तिने ओस्टबीच्या कानात दिवा धरला, "हं" म्हणाली, चिमटा घेतला आणि कापसाच्या बोळ्याएवढं काहीतरी काळपट नारिंगी बाहेर काढलं. ट्रेमध्ये टाकून तिने ते उलटंपालटं केलं.

"फोमचा बूच. अर्धा. बिटाच्या यंत्रावर कानात घालतात तो. दुसरा अर्धा कुठाय?"

ओस्टबीला आठवलं. काढणीच्या घाईत ओढून काढला होता, तुटलेला तुकडा हातात आला होता, तेवढ्यात बापाने हाक मारली होती.

"आईला तरी दाखवायचास," ती म्हणाली. "चार-पाच महिने बूच घेऊन हिंडतोय आणि घराण्याला दोष देतोय."

ओस्टबी मात्र तिच्याकडे बघतच नव्हता. तो भिंतीकडे बघत होता. "हा हीटर मघापासून वाजतोय?"

"तो गेल्या वर्षीपासून वाजतोय."

पोरगा हसायला लागला. मग डोळे पुसायला लागला. डेल्मर खिडकीपाशी गेला आणि पार्किंगमधल्या मळक्या बर्फाकडे बघत उभा राहिला. छातीवरचं एवढं ओझं उतरलं होतं की माणसांसमोर तोंड दाखवायची सोय नव्हती.

"आता तुम्ही," परिचारिका म्हणाली.

"मी नुसता सोबत आलोय."

"तेच. मी दोनदा हाक मारली, ह्या बाजूने." तिने त्याच्याही कानात दिवा धरला. "तुमच्यात काढण्यासारखं काही नाही. मशीन लावा."

दुसऱ्या दिवशी परीक्षेत प्रशिक्षकाने तोंडाने इशारा दिला आणि ओस्टबी इतका झटकन उठला की एकजण आपल्या घड्याळाला टिचकी मारून बघायला लागला. डेल्मरने घड्याळ काढलंच नाही. तो शांतपणे डोनट खात होता.

एप्रिलमध्ये नव्या खेळाडूंची यादी ठरवायला क्लबच्या खोलीत सगळे जमले. डेल्मर नेहमीच्या खुर्चीवर, उजव्या हाताला भिंत.

"ओस्टबी," ट्राउटमन म्हणाला. "ऑक्टोबरनंतर पोरगा मेल्यासारखा दिसतो. यादीत खाली उतरवायचा?"

"नाही." डेल्मरने बुचाची सगळी हकिगत सांगितली. पोराने परवानगी दिली होती, डॉक्टरांचा कागदही आला होता. हिरवी आणि पांढरी फिल्म शेजारी शेजारी लावली.

"हे सगळ्यांच्या नजरेतून सुटलं," ट्राउटमन म्हणाला. "तुम्हाला कसं कळलं?"

हे विचारलं जाणार हे डेल्मरला माहीत होतं. गाडीत त्याने तीन वेगळी उत्तरं तयार केली होती, तिन्ही बऱ्यापैकी खोटी. त्याने टेबलावरच्या कपाकडे बघितलं.

"मलाही उजव्या कानाने ऐकू येत नाही," तो म्हणाला. "बरीच वर्षं."

ट्राउटमनने शेजारच्याकडे बघितलं. शेजारच्याने छताकडे.

"डेल्मर," ट्राउटमन म्हणाला, "ह्या खोलीत सगळे खुर्च्यांसाठी भांडतात. ती एक खुर्ची तुमच्यासाठी दर वेळी रिकामी कशी राहते, असं वाटत होतं तुम्हाला?"

डेल्मरला वाटत होतं की तो लवकर येतो म्हणून.

"मशीन घ्या," ट्राउटमन कागद उलटत म्हणाला. "जूनमध्ये करार. ओस्टबी जिथे होता तिथेच. पुढचा कोण?"

सगळे क्लब पाळीपाळीने पोरं निवडतात, त्यात पोरगा पाचव्या फेरीत त्यांच्याच क्लबला मिळाला. बातमी आली तेव्हा डेल्मर आणि मार्लिस गाडीत होते, तो चालवत, ती उजवीकडे, आणि त्याच्या कानात नवं मशीन. मार्लिसने ओस्टबीच्या आईला फोन लावून अभिनंदन केलं. मग फोन ठेवला आणि गेली वीस वर्षं त्या बाजूने जे जे बोलून वाया गेलं होतं, ते पहिल्यापासून सुरू केलं. फर्गस फॉल्स गाव येईपर्यंत ती फक्त त्याच्या बहिणीपर्यंत पोचली होती. डेल्मरचा हात एकदा कानाकडे गेला. पण मशीन त्याने काढलं नाही.

"ऐकतोयस ना?" मार्लिस म्हणाली.

"सगळं," तो म्हणाला.