धुतलेला डबा

"डबा धुऊन का आणतेस हल्ली?"

"घाण झाला, धुतला. त्यात काय एवढं?"

"इतकी वर्षं आल्या आल्या खरकटा मोरीत टाकतेस. आणि हा आठवडा बघावं तर चकाचक. कोण खातं गं माझी भाजी?"

माया केस विंचरता विंचरता थांबली. दगडू रिटायर झाल्यापासून मोहने गावातल्या या घरातली सकाळची फोडणी त्याच्या ताब्यात होती. नवरा भाजी करतो म्हणून शेजारणी हेवा करायच्या.

"तिथला वॉचमन," ती म्हणाली. "धुऊन परत करतो बिचारा. कालची गवार आवडली म्हणाला."

"काल घेवडा होता."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिने खाणावळीचं सांगून टाकलं. माया मानपाड्याला औषधांच्या कंपनीत पॅकिंगवर सुपरवायझर. नवीन मशीन शिकायला कंपनीने तिला या आठवड्यापुरतं ठाण्याला, बाळकुमला पाठवलेलं. पहिल्या दिवशी सगळ्यांबरोबर डबा घेऊन ती समोरच्या मालवणी खाणावळीत शिरली, तर वेटर म्हणाला, "बाहेरचं चालत नाही, मावशी," आणि मेन्यूकार्ड तिच्या हातात देऊन उभा राहिला.

हॉटेलात ऑर्डर दगडू द्यायचा. दोघांत एक थाळी, वर दोन चपात्या, आणि थाळीत काय हवं तेही त्यानेच ठरवलेलं. मायाने कार्ड वरून खाली वाचलं, मग परत वरून. "टाइम घ्या," म्हणत वेटर पाणी ठेवून गेला. शेवटी तिने कोळंबीचं सुकं मागवलं. सोलकढी दोनदा.

त्यानंतर डबा न उघडताच तिथल्या वॉचमनला देऊन, कुणाची वाट न बघता ती एकटीच जाऊ लागली. नाक्यावरच्या मिसळवाल्याकडे बसून नाक पुसत मिसळ खाल्ली, उडप्याकडे जाऊन नुसताच रवा डोसा. काल परत खाणावळीत गेली, तर वेटर म्हणाला, "उद्या तिसऱ्या आहेत, या." माहेरी खाडीला ओहोटी लागली की पोरी तिसऱ्या काढायला जायच्या. इथे दगडूला शिंपल्यांचा वास चालत नाही, म्हणून लग्न झाल्यापासून घरात शिजल्याच नाहीत. आणि आज ट्रेनिंगचा शेवटचा दिवस.

"म्हणजे हॉटेलात जेवतेस," दगडू म्हणाला.

"हो."

"मग बोलायचंस ना. मी नेलं असतं. रविवारी जाऊ दोघं. काय मागवायचं ते मला कळतं."

"तेच तर."

"तेच काय?"

ती वेणी घालत राहिली. दगडूने डब्याचं झाकण दाबून लावलं आणि डबा ओट्याच्या कडेला, तिच्या बाजूला सरकवला.

"भरली वांगी आहेत. वॉचमनसाठी नाही केलेली."

मायाने डब्याला हात लावून बघितला. गरम होता. मग पर्स खांद्याला अडकवली आणि दाराशी जाऊन चपला घालायला लागली.

"एवढ्या लोकांत एकटीला घास उतरतो कसा गं?" दगडूने विचारलं. या वेळी आवाजात भांडण नव्हतं, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

डबा ओट्यावरच राहिला. मायाने दार ओढून घेतलं आणि ती जिना उतरायला लागली.